टॅटू शिकायचाय : बेळगाव, निपाणी, कोल्हापूर भागात हाताखाली घेणारं कुणी आहे का?

खानापूरची_रेघ

नमस्कार मंडळी. मी खानापूर तालुक्यातली. बारावीनंतर ड्रॉइंगचा डिप्लोमा केला, सध्या बेळगावात एका फ्लेक्सच्या दुकानात डिझाइनचं काम करते. वाढदिवसाचे बॅनर, लग्नपत्रिका, गणपती मंडळांच्या कमानी. पगार वेळेवर होतो, माणसं चांगली आहेत. पण दिवसभर माऊस फिरवून हातानं रेघ ओढायची सवय सुटत चाललीय आणि मला आयुष्यभर हातानंच काम करायचंय. टॅटूचं काम बघितलं की तिथून पाय निघत नाही.

शिकायचं कुणाकडे, हेच कळेना. एका ठिकाणी गेले तर पंधरा दिवसांचा कोर्स, सर्टिफिकेट आणि किट असं पॅकेज सांगितलं. पैसे आधी, आणि शिकताना माणसाच्या अंगावर काम मिळेल का विचारलं तर नीट उत्तर नाही. दुसऱ्या ठिकाणी म्हणाले, मुली टिकत नाहीत. बाकीच्यांना इन्स्टाग्रामवर मेसेज केले, बघितल्याची खूण दिसते, उत्तर येत नाही.

मला कोर्स नकोय. कुणाच्या तरी दुकानात झाडलोट करत, बघत बघत शिकायला मिळालं तर हवंय. अशी पद्धत आपल्याकडे आहे का? कुठे विचारू, काय घेऊन जाऊ? घरच्यांना अजून सांगितलेलं नाही.

मार्कंडेय_काठ

ताई, एवढं कशाला? मशीन आणि शाई ऑनलाइन मिळते, यूट्यूबवर सगळं शिकवतात. माझा मित्र घरीच करतो, गल्लीतल्या पोरांचे हात भरून टाकलेत त्यानं.

तिसरं_रेल्वे_गेट

मी बरीच वर्षं हेच काम करायलोय, आधी पुण्यात, आता बेळगावात. म्हणून जरा सविस्तर लिहितो. मार्कंडेय, तुमचा मित्र मनानं चांगला असेल, पण गल्लीतल्या पोरांचे हात म्हणजे सरावाची वही नव्हे. त्यातलं काहीही पुसता येत नाही.

आधी हे घरी का शिकता येत नाही ते सांगतो. कातडीचा सगळ्यात वरचा थर सतत झडत असतो. शाई त्याच्या खालच्या थरात, डर्मिसमध्ये बसावी लागते, म्हणजे साधारण एक ते दोन मिलिमीटर खोल. कमी गेली तर खपली पडताना रेघ तुटक होते. जास्त गेली तर शाई आत पसरते आणि रेघेच्या कडेला निळसर धूर उठल्यासारखा दिसतो. आम्ही त्याला ब्लोआउट म्हणतो. आता ही खोली प्रत्येक जागी वेगळी लागते. मनगटाच्या आतली कातडी पातळ, दंडाची मऊ, कोपराची चिवट, बरगडीवर तर माणूस श्वास घेतो तशी जागाच हलते. उसाच्या फडात उन्हात राबलेल्या माणसाचा हात आणि एसीत बसणाऱ्याचा हात एका दाबानं चालत नाही. डावा हात कातडी किती ताणून धरतो यावर निम्मं काम असतं आणि व्हिडिओत नेमका तोच हात कुणी दाखवत नाही. शेजारी उभं राहून बघावं लागतं. सुई बरोबर बसली की मशीनचा आवाजसुद्धा बदलतो.

आता तुमच्या प्रश्नाचं. पद्धत आहे, फक्त तिची जाहिरात होत नाही. ज्याच्याकडे काम भरपूर आहे त्याला मदतनीस लागतोच. पण इन्स्टावरच्या मेसेजला तो उत्तर देणार नाही, कारण रोज तसले मेसेज येतात आणि त्यातले बहुतेक जण दुसऱ्या दिवशी विसरलेले असतात. स्वतः जा. रविवारी किंवा संध्याकाळी नको, तेव्हा गर्दी असते. मंगळवार-बुधवारी दुपारी जा. फाइल घेऊन जा, कागदावरची. मोबाइलमधले फोटो दाखवू नका.

फाइलमध्ये काय हवं? इंटरनेटवरून उतरवलेले सिंह आणि घड्याळं नकोत. एका दमात ओढलेल्या लांब रेघा, गोल, वेटोळी दाखवा. फुलं, पानं, हात, चेहरे समोर बघून काढलेले असावेत. एका रेघेतलं काम, ठिपक्यांचं काम, फक्त पेन्सिलीनं दिलेली छटा, आणि अक्षरं, देवनागरी आणि कन्नड दोन्ही. तेच चित्र तीन आकारांत काढून दाखवलंत तर मी तुम्हाला खुर्ची देईन, कारण छोटं करताना काय वगळायचं हे ज्याला कळतं त्यालाच टॅटू कळतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. तो तुम्हाला पारखेल तसं तुम्हीही त्याला पारखा. आधी गिऱ्हाईक म्हणून जा, एखादा बारकासा टॅटू काढून घ्या आणि डोळे उघडे ठेवा. सुईचं पाकीट तुमच्यासमोर फोडतो का? त्यावरची मुदत बघतो का? मशीनवर, वायरवर, दिव्याच्या दांड्यावर प्लास्टिक चढवतो का? मध्येच फोन वाजला आणि त्यानं हातमोज्यासकट उचलला तर परत येऊन हातमोजे बदलतो का? उरलेली शाई टाकून देतो की बाटलीत परत ओततो? काम संपल्यावर सुई कुठे जाते? जो माणूस वापरलेली सुई साध्या कचऱ्याच्या डब्यात टाकतो त्याच्याकडे शिकू नका, तो कितीही देखणा वाघ काढत असला तरी. तुमचे हात त्याच्यासारखेच वळणार आहेत.

दुसरी पारख म्हणजे बऱ्या झालेल्या टॅटूंचे फोटो मागा. ताजा टॅटू सगळ्यांचाच झकास दिसतो. वर्षभरानंतरचा दाखवा म्हणावं.

प्रयोगशाळा_बेळगाव

वरचा प्रतिसाद वाचून बरं वाटलं. मी रक्त तपासणीच्या कामात आहे, माझ्या बाजूचं थोडं लिहिते.

रेघताई, दुकान मिळायच्या आधी एक करा, हिपॅटायटिस बी ची, म्हणजे रक्तातून पसरणाऱ्या काविळीची, लस सुरू करा. तीन डोस असतात. पहिला, मग एक महिन्यानं, मग पहिल्यापासून सहा महिन्यांनी. म्हणजे आज सुरू केलं तर सहा महिन्यांनी पूर्ण होणार, त्यामुळे थांबण्यात अर्थ नाही. नंतर अँटिबॉडीची तपासणी करून घ्या. हा विषाणू शरीराबाहेर, वाळलेल्या रक्ताच्या डागातसुद्धा किमान सात दिवस जिवंत राहू शकतो. टेबल, बाटलीचं टोक, दिव्याचं बटण, सगळीकडे. हिपॅटायटिस सी आणि एचआयव्हीला लसच नाही, तिथे फक्त तुमची शिस्त कामाला येते.

मशीनची पुन्हा वापरायची धातूची ग्रिप (हातात धरायची मूठ) किंवा ट्यूब असेल तर ऑटोक्लेव्ह, म्हणजे दाबाच्या वाफेनं निर्जंतुक करणारं यंत्र, लागतो. १२१ अंश सेल्सिअस, १५ पौंडांचा दाब, किमान १५ ते २० मिनिटं. निळा दिवा लागणारी पेटी म्हणजे निर्जंतुकीकरण नव्हे, सलूनमधे असते तसली. उकळतं पाणीही नव्हे. सुई तर एका माणसासाठी एकच, मग फेकायची.

फेकायची कुठे, तर भोक न पडणाऱ्या पांढऱ्या डब्यात. जैववैद्यकीय कचऱ्याचे २०१६ चे नियम आहेत, त्यात धारदार वस्तूंसाठी हाच डबा सांगितलाय. घंटागाडीत सुई गेली की ती सफाई कामगार बाईच्या हातात घुसते. आमच्याकडे अशा बायका तपासणीला येतात, त्यांच्या चेहऱ्यावरची भीती बघवत नाही.

आणखी एक, गिऱ्हाइकाला सांगत जा की टॅटूनंतर १२ महिने रक्तदान करता येत नाही. आपल्याकडे शिवजयंतीला, गणपतीत शिबिरं होतात, पोरं उत्साहानं रांगेत उभी राहतात. त्यांना आधी माहीत असलेलं बरं.

माजी_सुभेदार

जय हिंद. मी मराठा लाईट इन्फंट्रीतून निवृत्त. टॅटूतलं मला काही कळत नाही, पण एका गोष्टीपायी पोरांचं नुकसान होताना बघतो म्हणून लिहितो.

आपल्या भागात घरटी एक पोरगा भरतीची तयारी करायला असतो. पहाटे पाचला पळतात, आणि सतराव्या-अठराव्या वर्षी दंडावर नाहीतर मानेवर महाराजांचं चित्र काढून येतात. भावना चांगली आहे. पण सैन्याचा नियम असा की कायमचा टॅटू फक्त हाताच्या आतल्या बाजूला, कोपराच्या आतून मनगटापर्यंत, आणि पंजाच्या मागच्या बाजूला चालतो. इतर ठिकाणी असेल तर उमेदवार बाद. ज्या आदिवासी जमातींत गोंदायची रूढी आहे त्यांना वेगळी सूट आहे, आपल्या पोरांना ती लागू नाही. छाती-उंची-धावणं सगळं पास झालेला पोरगा खांद्यावरच्या चित्रापायी परत जाताना बघवत नाही.

मुली, तू शिकशील तेव्हा एवढं कर. पोरगा समोर बसला की आधी विचार, भरतीला जाणार हायस का. जाणार म्हणाला तर जागा बदलून दे, नाहीतर परत पाठव. अठरा वर्षांखालच्याला तर हातच लावू नकोस.

तिसरं_रेल्वे_गेट

सुभेदार काका, तुमचं लिहिणं छापून दुकानात लावतो. मी विचारतोच, पण आता लेखी विचारीन.

सौंदत्ती_वाट

मी चिकोडीकडची. माझ्या आजीच्या कपाळावर, हनुवटीवर आणि दोन्ही हातांवर गोंदण होतं. आमच्याकडे गोंदायला कोरवी समाजाच्या बायका यायच्या, जत्रेतही बसायच्या, यल्लम्मा डोंगरावर आणि चिंचलीला मायाक्काच्या जत्रेत. कन्नड बोलणारे गोंदणाला हच्चे म्हणतात. दोन-तीन सुया एकत्र बांधून, काजळीत बुडवून टोचायच्या, वर गाणं म्हणायच्या म्हणजे पोरीचं लक्ष दुखण्यावरून उडावं. आजीच्या हातावर तुळस होती, विंचू होता, ठिपक्यांच्या रांगा होत्या. ती म्हणायची, मेल्यावर सोनंनाणं इथंच राहतं, एवढंच बरोबर येतं.

रेघताई, तुमच्या गावात अशा म्हाताऱ्या अजून असतील. त्यांच्या हातांवरच्या नक्ष्या कागदावर उतरवून घ्या. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत त्या बघायला मिळणार नाहीत. तुमच्या फाइलमध्ये ते असेल तर ती फाइल दुसऱ्या कुणाकडेच नसेल.

तिसरं_रेल्वे_गेट

ताई, काय सुचवलंत! मी यात एक भर घालतो. नुसती नक्षी उतरवू नका, ती रेघ आज कशी दिसते तशीच काढा, पसरलेली, निळी-हिरवी झालेली. शाईचे कण कातडीतल्या पेशी गिळून धरून ठेवतात, म्हणून टॅटू टिकतो. पण पन्नास-साठ वर्षांत रेघ जाड होत जाते, दोन रेघांमधली मोकळी जागा भरत येते. आजीच्या हातावरच्या विंचवाची नांगी शेवटपर्यंत ओळखू येत असेल, तर त्या कोरवी बाईनं ठिपक्यांत अंतर सोडलं होतं म्हणूनच. आजची पोरं बोटाच्या पेराएवढ्या जागेत अख्खा श्लोक मागतात. तो दहा वर्षांनी काळा डाग होणार, हे म्हाताऱ्यांचे हात बघितलेल्यालाच पटतं.

सुई मात्र तेव्हा एकीच्या हातातून दुसरीच्या हातात जायची, ते तेवढं मागेच राहू दे.

निपाणीची_काकू

मी आई म्हणून लिहिते. माझी लेक तुमच्याच वयाची. रेघ बाळा, घरच्यांना लवकर सांग. लपवून सुरू केलंस तर पहिल्याच अडचणीला एकटी पडशील. सांगताना नुसतं टॅटू म्हणू नकोस, वडलांना त्या दुकानात घेऊन जा. त्यांना स्वच्छता दिसू दे, तिथली माणसं दिसू देत.

आणि जागा बघून घे. रस्त्यावरून दिसणारं दुकान असावं. रात्री उशिरापर्यंत थांबायला लागतं का, घरी परतायची सोय काय, तिथे दुसरी बाई कामाला आहे का, हे विचारायला लाजू नकोस. शिकवायच्या नावाखाली कुणी तुझ्या अंगावर कुठे टॅटू काढायचा हे ठरवायला लागला तर त्याच दिवशी बाहेर पड.

दुसरी बाजूही सांगते. मला स्वतःला मनगटावर लेकीचं नाव काढायचं होतं, निपाणीत बाई कलाकार मिळेना म्हणून राहिलं. माझ्यासारख्या पुष्कळ असतील. मुली टिकत नाहीत म्हणणाऱ्यानं हे गिऱ्हाईक कधी मोजलेलंच नाही.

हिंडलगा_मळा

मला हे सगळं पटत नाही. शिकलेली मुलगी आहे, ड्रॉइंग टीचरची परीक्षा दे, सरकारी नोकरी बघ.

तिसरं_रेल्वे_गेट

नोकरी चांगलीच, देऊ दे की परीक्षा. पण हाताखाली शिकायची रीत आपल्या गावाला नवी नाही. चित्रकार रवी परांजपे बेळगावचेच, ते इथे चित्रकार के. बी. कुलकर्णींकडे शिकले. कोल्हापुरात तर स्टुडिओत वावरतच पिढ्या तयार झाल्या. गुरूच्या समोर बसून रेघ शिकणं आणि ती माणसाच्या कातडीवर ओढणं यात मला फार अंतर वाटत नाही. जबाबदारी मात्र जास्त, कारण हा कागद घरी जाऊन झोपतो, घामेजतो, आंघोळ करतो.

चोर्ला_घाट

मी गोव्यात उत्तरेकडच्या किनाऱ्यावर एका स्टुडिओत मदतनीस होतो, त्याबद्दल लिहितो. बेळगावहून चोर्ल्यानं गेलं तर अंतर थोडं, शंभर किलोमीटरच्या जरा पुढे. तिथं सीझन ऑक्टोबर ते मार्च. गिऱ्हाईक रस्त्यावरून आत येतं, बारकं काहीतरी मागतं आणि दुसऱ्या दिवशी विमानानं जातं. हात वेगानं बसतो, शेकडो प्रकारच्या कातड्या बघायला मिळतात. पण तो माणूस परत कधी दिसत नाही. आपण काढलेलं महिन्याभरानं कसं बरं झालं ते कळतच नाही, आणि शिकणाऱ्याला तेच तर बघायचं असतं. खोलीचं भाडं सीझनमध्ये परवडत नाही. पावसाळ्यात दुकानं ओस असतात, तेव्हा मालक निवांत शिकवतात, हे एक खरं.

माझं मत असं, की आधी बेळगाव किंवा कोल्हापुरात शिका, जिथं गिऱ्हाईक पुन्हा बाजारात भेटतं. रेघ पक्की झाली की एक सीझन गोव्यात काढा.

खानापूरची_रेघ

सगळ्यांचे मनापासून आभार. काकू, कालच आईला सांगितलं. ती गप्प बसली, मग म्हणाली, माझ्या आईच्या हातावर पण तुळस होती. बाबांना रविवारी सांगणार.

आमच्या गावात अजून तीन म्हाताऱ्या आहेत, तिघींकडे जाऊन बसले. एकीनं हात पुढे केला आणि तासभर मागे घेतला नाही.

आता काही प्रश्न. फ्लेक्सच्या दुकानातली नोकरी लगेच सोडू का? फी द्यावी का? आणि पहिल्या दिवसापासून मशीन हातात मिळत नाही हे कळतंय, पण मग तोवर नेमकं काय शिकतात?

तिसरं_रेल्वे_गेट

नोकरी सोडू नका. टॅटूची दुकानं अकराच्या आधी उघडत नाहीत आणि रात्रीपर्यंत चालतात. फ्लेक्सच्या मालकाशी बोलून सकाळची वेळ मागा, नाहीतर सुरुवातीला सुट्टीचे दिवस द्या. पहिलं वर्ष कमाई नाही असं धरूनच चाला.

फी घेणं पाप नाही. शिकवणाऱ्याचा वेळ जातो, सुया-शाई जाते. पण फी कशाबद्दल ते विचारा. पंधरा दिवसांच्या सर्टिफिकेटबद्दल देऊ नका. ते भिंतीवर लावायला बरं दिसतं, पण आपल्या देशात टॅटू काढायला असं कुठलं सर्टिफिकेट सक्तीचं नाही आणि गिऱ्हाईक ते विचारतही नाही. तसले कोर्स केलेली पोरं नंतर माझ्याकडे येतात. सुया ओळखता येतात, हात मात्र थरथरतो, कारण कोर्समध्ये जिवंत माणूस बघितलेलाच नसतो.

काय शिकतात? सुरुवातीचे काही महिने मांडणी आणि आवराआवर. टेबल पुसायचं, प्लास्टिक चढवायचं, शाईच्या वाट्या लावायच्या, काम झाल्यावर सगळं त्याच क्रमानं मोडायचं. कशाला हात लावला आणि कशाला नाही हे डोक्यात पक्कं बसेपर्यंत. मग सुया. पाकिटावर १२०७ आरएल लिहिलेलं असतं, त्यात १२ म्हणजे सुईची जाडी ०.३५ मिलिमीटर, ०७ म्हणजे सात सुया, आरएल म्हणजे गोल बांधलेल्या, रेघेच्या. छटेला आणि भरायला मॅग्नम, म्हणजे चपट्या रांगेत बांधलेल्या. मग स्टेन्सिल, म्हणजे कागदावरची नक्षी कातडीवर उमटवायची. केस काढायचे, कातडी साबणानं पुसायची, स्टेन्सिलचा द्रव अगदी पातळ लावायचा आणि कागद एकदाच ठेवायचा. यात गिऱ्हाइकाला उभं करून ठेवायचं असतं, बसवून नव्हे. बसल्यावर दंडावरची सरळ रेघ उभं राहिल्यावर वाकडी होते. निम्मे टॅटू सुई लागायच्या आधीच इथे बिघडतात.

त्यानंतर सिलिकॉनची नकली कातडी, मोसंबी, केळं. केळ्याची साल बरी, जास्त दाब दिला की लगेच फाटते आणि तुम्हाला सांगते. काही जण डुकराच्या कातडीवर सराव करतात, खाटकाकडे मिळते, माणसाच्या कातडीच्या ती बरीच जवळ आहे. मग स्वतःची मांडी. स्वतःवर केल्याशिवाय मी कुणाला दुसऱ्यावर करू देत नाही. मग जवळची माणसं, फुकट, गुरू शेजारी उभा असताना. एकूण वर्ष ते दोन वर्षं धरा. घाई करणारा गुरू मिळाला तर संशय घ्या.

अक्षरांचं वेगळं सांगतो, कारण तुमचं फ्लेक्सचं काम इथे उपयोगी पडणार. आपल्या भागातलं अर्धं काम अक्षरांचं. एक जण राजमुद्रा मागतो, दुसरा कन्नडमध्ये आईचं नाव, तिसरा बसवण्णांचं वचन. राजमुद्रेतला "प्रतिपच्चंद्रलेखेव" शब्द गुगलवरच्या चित्रात चुकलेला असतो आणि तसाच अंगावर जातो. "वर्धिष्णु" मधला ष आणि ण नीट बघा. कन्नडमध्ये अक्षराच्या खाली जोडाक्षराचं जे बारकं चिन्ह येतं ते इतकं छोटं काढलं जातं की काही वर्षांत बुजून ठिपका होतो. छापून गिऱ्हाइकाला मोठ्यानं वाचायला लावा आणि खाली सही घ्या. मी मराठी माणूस, पण माझं कन्नड अक्षर मी एका कन्नड शिक्षकाकडे बसून सुधारलं. बेळगावात पोट भरायचं असेल तर दोन्ही भाषांतली रेघ सारखीच मायेनं ओढता आली पाहिजे.

उद्यमबाग_शिफ्ट

माझ्या पोटरीवर टॅटू आहे, म्हणून एक गिऱ्हाईक म्हणून लिहितो. मी फाउंड्रीत कामाला. काढणाऱ्यानं विचारलंच नाही काय काम करतोस. दुसऱ्या दिवशी भट्टीजवळ उभा, घाम, वाळूची धूळ, आणि आठवड्यात तिथं पू झाला. शिकणाऱ्यांनी हे विचारत जावं. फाउंड्रीवाल्याला, तंबाखूच्या वखारीत राबणाऱ्याला, फडात जाणाऱ्याला सुट्टी जोडून तारीख द्या.

प्रयोगशाळा_बेळगाव

अगदी खरं. आणि साखर, रक्त पातळ व्हायची गोळी, कातडीवर जाड वण उठायची प्रवृत्ती, हेही विचारून लिहून घ्यायचं. हळद, तेल, टूथपेस्ट काही लावू नका म्हणून सांगायचं. सौम्य साबण, स्वच्छ हात, पातळ मलम, आणि बरं होईपर्यंत नदी-विहिरीत पोहणं बंद. ताप आला किंवा लाली पसरत चालली तर डॉक्टरकडे पाठवा, स्वतः औषध सांगू नका.

खानापूरची_रेघ

बातमी आहे. शहापुरातल्या एका दुकानात फाइल घेऊन गेले होते, बाबांबरोबर. त्यांनी बाकीची चित्रं भराभर उलटली आणि म्हाताऱ्यांच्या हातांच्या पानांवर थांबले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग विचारलं, ही रेघ इथं जाड का दाखवलीस? मी तुम्ही सांगितलेलं कारण माझ्या शब्दांत सांगितलं. सुयांचा पांढरा डबा टेबलाखालीच होता, मी आधी तोच बघितला. तिथे एक ताई पिअर्सिंग करतात, त्यामुळे बाबाही निश्चिंत झाले.

अटी अशा. रविवारी पूर्ण दिवस आणि आठवड्यात दोन संध्याकाळी. फी नाही, पण हातमोजे आणि सरावाची कातडी माझी मी आणायची. पहिले सहा महिने मशीनला हात नाही. आणि एक करार करायचा म्हणतात, की शिकून झाल्यावर पाच वर्षं बेळगाव जिल्ह्यात स्वतःचं दुकान टाकायचं नाही. मूळ मार्कशीट त्यांच्याकडे ठेवायची. इथं मन अडखळलं. माणूस चांगला वाटतो, काम तर उत्तमच. काय करू?

कोर्ट_आवार

मी वकिली करतो. भारतीय करार कायदा, १८७२, कलम २७. कुणालाही कायदेशीर धंदा करण्यापासून रोखणारा करार त्या मर्यादेपर्यंत निरर्थक असतो. तुम्ही त्यांच्याकडे शिकत आहात तोवर दुसरीकडे काम करायचं नाही, ही अट चालते. सोडल्यानंतर पाच वर्षं दुकान टाकायचं नाही, ही अट कोर्टात टिकणं कठीण. तरी टिकणार नाही म्हणून डोळे मिटून सही करू नका, पुढे कटुता येते. तो परिच्छेद काढून टाका असं सरळ सांगा.

मूळ मार्कशीट कुणालाही देऊ नका. झेरॉक्स द्या. यावर तडजोड नको.

तिसरं_रेल्वे_गेट

वकील साहेबांशी सहमत, आणि त्या माणसाची बाजूही सांगतो. शिकवून तयार केलेला मुलगा समोरच्या गल्लीत दुकान टाकतो आणि गिऱ्हाइकांचे नंबर घेऊन जातो, हे आमच्यात सगळ्यांनी भोगलंय. त्याची भीती खोटी नाही. म्हणून नुसतं नाही म्हणू नका, बदल्यात काहीतरी पुढे करा. लिहून द्या की शिकून झाल्यावर वर्षभर त्यांच्याच दुकानात काम करीन, ठरलेल्या वाटणीवर. त्यांची गिऱ्हाईक-वही, फोन नंबर, डिझाइन बाहेर नेणार नाही. आणि त्यांच्याकडूनही लिहून घ्या : सहा महिन्यांनी नकली कातडी, मग केव्हा माणसावर, आणि त्या वेळी ते शेजारी उभे राहणार. कागद दोन्हीकडून असावा.

पुढे कधी स्वतःचं दुकान काढाल तेव्हा महानगरपालिकेचा परवाना, साठ टक्के कन्नड असलेला फलक, मुद्रा योजनेत शिशु गटाचं पन्नास हजारांपर्यंतचं कर्ज, हे सगळं बघता येईल. आता त्यात मन घालू नका.

खानापूरची_रेघ

बोलले. मार्कशीटचं लगेच सोडून दिलं, म्हणाले सवयीनं मागितली. पाच वर्षांची अट काढून वर्षभर त्यांच्याकडे काम करायचं लिहिलं. गिऱ्हाईक-वहीचं मी स्वतःहून घालायला सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा मोकळा झाला. शिकवायचं वेळापत्रक त्यांनी हातानं लिहून दिलं, त्यावर दोघांच्या सह्या आणि बाबांची साक्ष. लसीचा पहिला डोस झाला. या रविवारपासून जाते.

माजी_सुभेदार

शाब्बास पोरी.

गडहिंग्लज_पेठ

धागा पहिल्यापासून वाचला. मी पण शोधायलोय, कोल्हापूर चालेल. माझ्याकडे फक्त मोबाइलमधले फोटो आहेत. तेवढ्यावर जाऊ का?

तिसरं_रेल्वे_गेट

नको. कागद घे, २बी पेन्सिल घे, घरातल्या माणसांचे हात काढायला लाग. चाळीसएक पानं झाली की मंगळवारी दुपारी निघ.